बाकावरचा उंच खेळाडू संघाला तारतो का?



आंतरशालेय सामन्यांचे दिवस आले की शाळेच्या मैदानावर एक प्रश्न हमखास ऐकू येतो. संघ लागोपाठ दोन-तीन सामने हरला की कोणीतरी म्हणतेच, "सर, तो दहावीतला उंच मुलगा बाकावर कशाला बसवून ठेवलाय? त्याला उतरवा की!" विचारणारा कधी विद्यार्थी असतो, कधी त्या मुलाचे वडील, तर कधी सामना पाहायला मुद्दाम आलेले एखादे विश्वस्त. त्या वेळी शिट्टी, आरडाओरडा आणि धावपळ यांत नीट उत्तर देता येत नाही. म्हणून ते आज लिहून देत आहे.

हाच प्रश्न अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये दर हिवाळ्यात विचारला जातो. तिथे मोसम नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धा सुरू होते. त्या स्पर्धेत जो संघ हरला तो घरी गेला. प्रत्येक सामन्यात कोण किती मिनिटे खेळला, किती चेंडू पकडले, किती फाउल केले याची बारकाईने नोंद ठेवली जाते. त्यामुळे राखीव उंच खेळाडूने संघाला खरोखर हात दिला की नाही, हे नुसत्या मतांवर सोडावे लागत नाही. ते तपासून पाहता येते.

उंच खेळाडूचे काम काय?

बास्केटबॉलची रिंग जमिनीपासून दहा फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटरवर असते. पाचपैकी एक-दोन उंच खेळाडू या रिंगजवळ उभे राहतात. मुख्य उंच खेळाडूला सेंटर म्हणतात. प्रेक्षकांना वाटते की त्याचे काम बास्केट करणे. तेही असतेच, पण त्याची आणखी तीन कामे आहेत आणि ती गुणफलकावर दिसत नाहीत.

पहिले काम रिबाउंड, म्हणजे हुकलेला चेंडू रिंगवरून परत आला की तो पकडणे. दुसरे काम आपल्या रिंगची राखण. तो हात वर करून उभा असला की समोरच्याला लेअप करताना दोनदा विचार करावा लागतो. तिसरे काम स्क्रीन. आपल्या नेमबाजाच्या मागे लागलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत स्थिर उभे राहायचे, म्हणजे नेमबाजाला क्षणभर मोकळी जागा मिळते. ही तिन्ही कामे करायला उत्तम नेमबाज असावे लागत नाही. योग्य जागा, ताकद आणि चिकाटी लागते. राखीव खेळाडूला संधी आहे ती इथेच.

चाळीस मिनिटांचा हिशोब

महाविद्यालयीन सामना चाळीस मिनिटांचा असतो. पाच फाउल झाले की खेळाडू बाद होतो. उंच खेळाडू सतत धक्काबुक्कीच्या जागी असल्याने त्याचे फाउल लवकर होतात आणि वजनामुळे तो दमतोही लवकर. समजा, मुख्य सेंटर अठ्ठावीस मिनिटे खेळला, तर बारा मिनिटे उरतात. अनेक अडखळणारे संघ सामना हरतात ते याच बारा मिनिटांत. मुख्य खेळाडू मैदानात असताना बरोबरी असते, तो बसला की समोरचा संघ सात-आठ गुणांनी पुढे जातो, आणि ते अंतर नंतर भरून निघत नाही. राखीव सेंटरने एकही बास्केट न करता हे नुकसान सात-आठवरून दोन-तीनवर आणले, तरी त्याने संघाला पाच गुण मिळवून दिल्यासारखेच आहे.

आता रिबाउंडचा हिशोब पाहा. आपला नेम हुकला आणि चेंडू पुन्हा आपल्याच हातात आला, तर संघाला बास्केट करण्याची आणखी एक संधी मिळते. अशी एक संधी साधारण एका गुणाच्या मोलाची धरली जाते. सामन्यात असे तीन जादा चेंडू मिळाले तर तीन गुण झाले. दोन गुणांनी हरलेला सामना आठवून पाहा, म्हणजे तीन गुणांची किंमत कळेल.

केंटकी : दोन वर्षे, दोन निकाल

केंटकी विद्यापीठाचा संघ अमेरिकेतील नामांकित संघांपैकी एक. २०१२-१३ च्या मोसमात त्यांचा सेंटर होता नर्लेन्स नोएल. तो सामन्यामागे सरासरी ४.४ फेकी अडवत असे. १२ फेब्रुवारी २०१३ रोजी फ्लोरिडा विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि त्याचा मोसम संपला. संघाकडे दुसरा उंच खेळाडू नव्हता असे नाही. कधी सुरुवातीपासून, कधी बाकावरून खेळणारा सात फूट उंचीचा विली कॉली-स्टाइन होता. आता मुख्य भार त्याच्यावर आला. पुढच्याच सामन्यात टेनेसीने केंटकीला ८८-५८ असे हरवले. त्या दुखापतीनंतर संघ नऊ सामने खेळला. त्यांतले चार जिंकले आणि पाच हरला. आदल्या वर्षीचा हा राष्ट्रीय विजेता संघ मुख्य स्पर्धेत पोहोचलाच नाही. दुय्यम स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत रॉबर्ट मॉरिस या तुलनेने लहान विद्यापीठाकडून तो ५९-५७ असा हरला.

कॉली-स्टाइन कमी प्रतीचा खेळाडू होता का? मुळीच नाही, पुढे तो व्यावसायिक एनबीएमध्ये खेळला. पण संघाचा सगळा बचाव नोएलभोवती रचलेला होता. बाहेरच्या खेळाडूंना सवय होती की आपण चुकलो तरी मागे नोएल आहे. ती सवय एका आठवड्यात बदलत नाही. उंचीच्या जागी उंची आली, पण संघाची घडी विस्कटली ती विस्कटलीच.

पुढच्या वर्षी नेमके उलट घडले. २०१३-१४ च्या मोसमाआधी केंटकीला पहिला क्रमांक दिला गेला होता. प्रत्यक्षात संघ इतका अडखळला की मार्चच्या स्पर्धेआधीच दहा सामने हरला, आणि स्पर्धेत त्याला गटातील आठवे मानांकन मिळाले. तरीही तो एकेक फेरी पार करत गेला. मग लुइव्हिलविरुद्धच्या सामन्यात कॉली-स्टाइनचाच घोटा दुखावला. पुढचा सामना मिशिगनशी होता. प्रशिक्षक जॉन कॅलिपारी यांनी मार्कस ली या पहिल्या वर्षाच्या मुलाला उतरवले. मोसमभर त्याला फारसे खेळायला मिळाले नव्हते. ३० मार्च २०१४ च्या त्या सामन्यात तो पंधरा मिनिटे खेळला. त्याने १० गुण केले आणि ८ रिबाउंड घेतले. त्यांतले ७ आपल्याच संघाच्या हुकलेल्या फेकींवरचे होते. केंटकी ७५-७२ असा जिंकला. फरक फक्त तीन गुणांचा!

लीसाठी नवे डावपेच आखले नव्हते. इतरांच्या फेकी हुकल्या की रिंगकडे झेपावायचे, एवढेच त्याने केले. जेवढे येत होते तेवढेच केले, आणि ते मनापासून केले.

त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मात्र केंटकी कनेक्टिकटकडून ६०-५४ असा हरला. त्या दिवशी केंटकीचे २४ पैकी ११ फ्री थ्रो हुकले, तर कनेक्टिकटने १० पैकी १० साधले. या दुखण्यावर बाकावरच्या कोणत्याही उंच खेळाडूकडे औषध नव्हते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी नेऊन चालत नाही.

ड्यूकचा झूबेक

तिसरे उदाहरण मला सर्वांत आवडते. ब्रायन झूबेक हा सात फूट एक इंच उंचीचा मुलगा २००६ मध्ये ड्यूक विद्यापीठात आला. पायाचे हाड दोनदा मोडले. तीन वर्षे बहुतेक राखीव म्हणूनच गेली. चौथ्या आणि शेवटच्या वर्षीही तो बाकावरच होता. २०१० च्या फेब्रुवारीपर्यंत ड्यूकने वीस सामने जिंकले होते आणि चार हरले होते. हे चारही पराभव प्रतिस्पर्ध्यांच्या मैदानावरचे होते. जॉर्जटाउनने तर ८९-७७ असे हरवले होते. या संघाला अडखळणारा म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण तो राष्ट्रीय विजेता होईल असे फार थोड्यांना वाटत होते.

प्रशिक्षक माइक शशेफ्स्की यांनी १३ फेब्रुवारी रोजी मेरीलँडविरुद्ध झूबेकला पहिल्या पाचांत घेतले. त्याने १६ गुण आणि १७ रिबाउंड अशी कामगिरी केली. तिथून पुढे ड्यूक सोळा सामने खेळला, त्यांतले पंधरा जिंकला आणि राष्ट्रीय विजेता झाला.

हे औषध का लागू पडले? ड्यूककडे नेमबाजांची वाण नव्हती. जॉन शायर, काइल सिंगलर आणि नोलन स्मिथ हे तिघे मिळून सामन्यामागे पन्नासहून अधिक गुण करत. उणीव होती ती त्यांचे हुकलेले चेंडू परत मिळवून देणाऱ्याची आणि त्यांच्यासाठी भक्कम स्क्रीन लावणाऱ्याची. झूबेक चेंडू पकडायचा आणि स्वतः फेकायची घाई न करता बाहेर मोकळ्या उभ्या असलेल्या नेमबाजाकडे परत पाठवायचा. त्याची सरासरी सहा गुणांचीही नव्हती, आणि तो साधारण अर्धाच सामना मैदानात असे. पण संघाची उणीव आणि त्याचे कसब यांची जोडी जुळली.

५ एप्रिल २०१० रोजी बटलरविरुद्धच्या अंतिम सामन्यात ड्यूक एका गुणाने पुढे होता. बटलरच्या गॉर्डन हेवर्डने शेवटच्या सेकंदांत फेक केली. समोर हात उंचावून उभा होता झूबेक. फेक हुकली आणि चेंडू पकडला तोही झूबेकनेच. त्याच्यावर फाउल झाला तेव्हा ३.६ सेकंद उरले होते. त्याने पहिला फ्री थ्रो साधला आणि प्रतिस्पर्ध्याला वेळ मिळू नये म्हणून दुसरा मुद्दाम हुकवला. हेवर्डची अर्ध्या मैदानावरून केलेली फेक रिंगला लागून बाहेर गेली. ड्यूक ६१-५९ असा जिंकला.

न खेळताही उपयोग

राखीव खेळाडूचा आणखी एक उपयोग प्रेक्षकांना कधीच दिसत नाही. १९७२ आणि १९७३ मध्ये लॉस एंजलिसच्या यूसीएलए संघात बिल वॉल्टन हा देशातला सर्वोत्तम सेंटर होता. त्याच्यामागे राखीव होता नेदरलँड्समध्ये जन्मलेला, सहा फूट अकरा इंचांचा स्वेन नेटर. प्रशिक्षक जॉन वुडन यांनी त्याला आधीच स्पष्ट सांगितले होते, की सामन्यात फार खेळायला मिळणार नाही. पण रोज सरावात वॉल्टनशी झुंजायला मिळेल. नेटरने ते मान्य केले. महाविद्यालयात असताना तो एकाही सामन्यात पहिल्या पाचांत नव्हता. तरीही १९७३ मध्ये एनबीएच्या निवडीत तो पहिल्याच फेरीत निवडला गेला आणि पुढे व्यावसायिक खेळात सर्वाधिक रिबाउंड घेणाऱ्यांत गणला गेला. इकडे यूसीएलएने ते दोन्ही मोसम एकही सामना न हरता जिंकले. रोज असा प्रतिस्पर्धी सरावाला असल्यावर वॉल्टनला सामने सोपे वाटले असतील तर नवल नाही!

मग उत्तर काय?

सारांश असा, की राखीव उंच खेळाडू संघाला सावरू शकतो; पण आधी तीन प्रश्न विचारले पाहिजेत. संघ नेमका कशामुळे हरतो आहे? रिबाउंड, रिंगजवळचा बचाव किंवा मुख्य सेंटरचे फाउल ही कारणे असतील, तर त्याला उतरवण्यात अर्थ आहे. चेंडू हातातून निसटतो आहे, फ्री थ्रो हुकताहेत, मागे धावून बचाव होत नाही, अशी कारणे असतील तर त्याला दोष देऊ नये आणि त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षाही करू नये. दुसरा प्रश्न, इतर चौघांना त्याच्याबरोबर खेळायची सवय आहे का? तिसरा, त्याला दोन-तीन कामेच नेमून दिली आहेत का, की सगळेच त्याच्यावर टाकले आहे?

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी जे बाकावर बसतात त्यांनी सामना नुसता पाहू नये. मुख्य सेंटरचे फाउल किती झाले, समोरचा संघ कुठून फेकतो, चेंडू कोणत्या बाजूला उसळतो हे मोजत बसावे. बोलावणे येते तेव्हा विचार करायला वेळ नसतो. लीला पंधरा मिनिटे मिळाली, ती त्याला पुरली.

पालकांना विनंती अशी, की घरी आलेल्या मुलाला "किती बास्केट केल्यास?" एवढेच विचारू नका. किती चेंडू पकडलेस, कोणासाठी वाट मोकळी केलीस, हेही विचारा. बाकावर बसणे हा अपमान नाही, हे त्याला तुमच्याकडून कळले तर ते लवकर पटेल.

आणि विश्वस्तांना एवढेच सांगायचे आहे, की पाच जणांचा संघ पाच जणांच्या सरावाने तयार होत नाही. त्याला समोर उभे राहायला आणखी पाच जण लागतात. गणवेश, बूट आणि मैदानाची वेळ या दहाही मुलांना सारखीच मिळाली पाहिजे. अडचणीच्या दिवशी बाकाकडे वळून पाहावे आणि तिथे तयार खेळाडू बसलेला असावा, असे वाटत असेल, तर ती तयारी जून महिन्यातच सुरू व्हायला हवी.