पत्र्याची ट्रंक आणि दुकानाचे शटर

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपण म्हणतो. या म्हणीत सारी जबाबदारी मुलाच्या पायांवर टाकलेली आहे. पाळणा कोणत्या घरात, कोणत्या काळात टांगला होता, हे ती विचारीत नाही. मानसशास्त्राने मात्र नेमके तेच विचारले. अमेरिकेत अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ साली केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. काही लहान मुलांच्या देखत एका मोठ्या माणसाने फुगवलेली बाहुली बडवली. पुढे तशीच बाहुली हाती येताच ती मुलेही तिला त्याच तऱ्हेने बडवू लागली. बालपणी जे डोळ्यांनी टिपले, ते पुढे हातांतून उतरते, असा त्याचा अर्थ.

मुंबईतील दोन बहुमाध्यमी कलावंतांच्या कलाकृती पाहताना हाच विचार मनात येतो. नलिनी मलानी यांचा जन्म १९४६ साली कराचीत झाला. पुढच्याच वर्षी फाळणी झाली आणि कुटुंबाला ते शहर सोडावे लागले. एवढ्याशा मुलीला त्यातले काय आठवणार? तिच्या वाट्याला येतात त्या मोठ्यांच्या आठवणी, आणि त्याहूनही अधिक त्यांचे मौन. १९९८ साली, पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर, मलानींनी मंटोंच्या ‘टोबा टेकसिंग’ या कथेवरून एक मांडणशिल्प केले. (हे मंटो एकेकाळी आपल्या मालाडच्या ‘बॉम्बे टॉकीज’मध्ये कथालेखक होते.) अंधाऱ्या दालनात पत्र्याच्या ट्रंका उघड्या ठेवलेल्या आणि प्रत्येकीत व्हिडिओचा पडदा. समोरासमोरच्या भिंतींवर दोन स्त्रिया एकाच साडीची घडी घालू पाहतात. मध्ये अंतर इतके, की घडी काही जमत नाही.

फाळणीनंतर मुलुंडला आणि उल्हासनगरला सिंधी निर्वासितांच्या वसाहती उभ्या राहिल्या. तेथील घरांत अशी ट्रंक नवलाची नव्हे. पण ज्या घरात ट्रंक रिकामी करायला मोठी माणसे कचरतात, तेथे वाढणारे मूल कोणी न शिकवताच एक धडा शिकते : घर कधीही सोडावे लागेल. मोठेपणीची काटकसर, परक्याविषयीचा संशय यांची मुळे अशा एखाद्या ट्रंकेत सापडू शकतात.

दुसरे कलावंत अतुल दोडिया. त्यांचा जन्म १९५९ साली घाटकोपरला झाला. जे. जे. कलाशाळेत शिकून पुढे पॅरिसपर्यंत जाऊन आल्यावरही घाटकोपर त्यांनी सोडले नाही. त्यांनी कॅनव्हासऐवजी दुकानाचे लोखंडी शटर घेतले. उपनगरातील मुलाला शटरची भाषा लवकर कळते. सकाळी वर गेले तर सारे आलबेल. भरदुपारी खडाखडा खाली आले, की आई हाक मारून घरात घेते. जानेवारी १९९३ मध्ये ज्यांनी तो आवाज ऐकला, ती मुले आज प्रौढ आहेत.

दोडियांच्या २००२ सालच्या ‘महालक्ष्मी’ या शटरवर राजा रविवर्म्याच्या वळणाची लक्ष्मी आहे, कॅलेंडरवरून घराघरांत पोचलेली. शटर वर सरकवले, की मागे हुंड्यापायी गळफास घेतलेल्या तीन बहिणी दिसतात. मुलगी झाली, की लक्ष्मी आली असे आपण म्हणतो आणि त्याच लक्ष्मीच्या लग्नाच्या खर्चाचा हिशेब तिच्या कानावर पडेल असा मांडतो. भिंतीवरचे चित्र आणि कानावरचा हिशेब, दोन्ही तिच्याबरोबर वाढतात. तिच्या भावाबरोबरही वाढतात; उद्या हुंडा मागायला तोच बसणार असतो.

मग बालपण म्हणजे न पुसणारा ललाटलेख म्हणायचा काय? तसे नाही. बांडुरांच्या प्रयोगाचा एक भाग सहसा सांगितला जात नाही. काही मुलांपुढे बसलेला मोठा माणूस बाहुलीकडे न पाहता शांतपणे आपला खेळ खेळत होता. त्या मुलांनी मारझोड कमी केली. म्हणजे पाहण्यातून जसे विष उतरते, तसा उतारही मिळतो. ट्रंक उघडून दाखवणे, शटर वर करून दाखवणे हे या कलावंतांचे काम. आत काय आहे ते पाहण्याचे आणि आपल्या घरातील लहानग्यांपुढे आपण काय करतो आहोत हे तपासण्याचे काम मात्र आपले, म्हणजे उद्या आईबाप आणि शिक्षक होणाऱ्यांचे आहे.