काचेच्या पेटीतील बाग आणि उकरणारे मासे

मत्स्यपेटी घरात आली म्हणजे पहिले काही दिवस मोठ्या आनंदाचे असतात. स्वच्छ धुतलेली वाळू, तीत ओळीने लावलेल्या हिरव्यागार पाणवनस्पती आणि त्यांच्यामधून डौलाने फिरणारी रंगीत माशांची जोडी पाहण्यात संध्याकाळ कशी सरते हे कळत नाही. परंतु पंधरवडा उलटत नाही तोच एके दिवशी सकाळी सारी रोपे मुळासकट पाण्यावर तरंगताना आढळतात आणि वाळूच्या मध्यभागी बशीएवढा खड्डा पडलेला असतो. पुन्हा रोपे आणली जातात. पुन्हा ती उपटली जातात. अखेर कंटाळून प्लास्टिकची पाने आणून लावण्यात येतात आणि ‘हे मासे आणि झाडे एकत्र नांदणे शक्य नाही’ असा निकाल दिला जातो. हा निकाल घाईचा आहे. मासा असे का करतो, हे आधी समजून घेतले तर हा तंटा बव्हंशी मिटू शकतो.

असा उपद्रव करणारे मासे बहुधा सिक्लिड या कुळातील असतात. या कुळात दीड हजारांहून अधिक जाती असून त्यांपैकी बहुतेक आफ्रिका आणि मध्य व दक्षिण अमेरिका येथील गोड्या पाण्यात राहतात. भारतात मूळच्या अशा तीनच जाती आहेत. त्यांतील एक गोव्याच्या व कोकणच्या खाड्यांतून मिळणारा काळुंदर होय. ताटातील काळुंदर पुष्कळांच्या परिचयाचा आहे. परंतु दुकानातील काचेआड फिरणारा एंजल मासा हा त्याचाच दूरचा आप्त आहे, ही गोष्ट थोड्यांनाच ठाऊक असते. दुसरी जात दक्षिणेकडील किनाऱ्यालगत आढळते. ती केशरी रंगाची आणि बोटाएवढीच असते. तिसरी दक्षिण कर्नाटकातील नद्यांत राहते.

या कुळाचे वैशिष्ट्य म्हणजे अपत्यसंगोपन. बहुसंख्य मासे पाण्यात अंडी सोडून निघून जातात. सिक्लिड मात्र अंडी व पिले यांची राखण करतात. जोडी प्रथम एखादा सपाट दगड निवडून तो तोंडाने घासूनपुसून स्वच्छ करते, त्यावर अंडी घालते आणि परांनी वारा घालावा तसे ताजे पाणी अंड्यांवर खेळते ठेवते. पुष्कळ जाती वाळूत खड्डे करून पिलांना त्यांत ठेवतात आणि धोका वाटताच तोंडात धरून एका खड्ड्यातून दुसऱ्या खड्ड्यात हलवितात. शत्रू दुरून दिसावा म्हणून सभोवारचे झाड-झुडूप काढून टाकणे हाही त्याच दक्षतेचा भाग होय. तेव्हा ज्याला आपण नासधूस म्हणतो तो वस्तुतः पाळण्यासाठी केलेला खड्डा असतो. केशरी जातीची पिले तर आईबापांच्या अंगावरील चिकट स्रावाचे कण टिपून खातात. ज्या प्राण्याचा संसार इतका जिव्हाळ्याचा, त्याच्या वाळूत आपण झाड खोवले तर तो ते बाजूला सारणारच.

उकरण्याखेरीज आणखी दोन कारणे आहेत. काही जाती शाकाहारी आहेत. काळुंदर स्वतः शेवाळ व कोवळ्या पाणवनस्पती खातो, म्हणून तो बागेस मुळीच उपयोगी नाही. दुसरे कारण पाण्याचे. आफ्रिकेतील मलावी सरोवराचे पाणी जड व अल्कधर्मी असते, तर अ‍ॅमेझॉनच्या उपनद्यांचे पाणी बहुतेक ठिकाणी मृदू व किंचित आम्लधर्मी असते. घरच्या पाण्याची जात ओळखण्यास उपकरण लागत नाही. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि डाळ शिजावयास वेळ लागतो ते जड. काळ्या पाषाणाच्या दख्खनी मुलखातील विहिरींचे पाणी बहुधा असे असते. गोव्याच्या जांभ्या दगडातील विहिरींचे बहुधा मृदू. मासा व वनस्पती यांची निवड या पाण्यास अनुसरून करावी. पाणी बदलण्याचा अट्टाहास करू नये.

मग एकत्र नांदतील असे सोबती कोणते? एंजल मासा सहसा वाळू उकरीत नाही. उभ्या, रुंद पानावर तो अंडी घालतो. म्हणून अ‍ॅमेझॉन स्वोर्ड या रुंद पानांच्या वनस्पतीशी त्याचे उत्तम जमते. ओरिनोको नदीच्या खोऱ्यातील रॅमिरेझी हा लहानखुरा मासाही झाडांस फारसा त्रास देत नाही. मलावीच्या खडकांवर राहणाऱ्या माशांना तेथील लोक ‘म्बूना’ म्हणतात. ते खडकावरील शेवाळ खरवडून खातात व कोवळे पान दिसले की त्याचाही समाचार घेतात. त्यांच्यासाठी जाड, चिवट पानांच्या वनस्पती हव्यात. याउलट ऑस्कर मासा फूटभर वाढतो आणि पेटीतील प्रत्येक वस्तू आपल्या मर्जीप्रमाणे हलवितो. त्याच्या पेटीत तरंगत्या वनस्पतींखेरीज काही लावण्याचा खटाटोप न करणे हेच शहाणपणाचे.

वनस्पतींमध्येही निवड हवी. पश्चिम आफ्रिकेतील अनुबियास आणि जावा फर्न या दोन वनस्पतींना वाळू लागतच नाही. त्यांचे आडवे खोड दगडावर किंवा लाकडाच्या ओंडक्यावर साध्या सुती दोऱ्याने बांधावे. दोरा कुजेपर्यंत मुळ्या दगडास घट्ट धरतात आणि मग माशाने कितीही वाळू उकरली तरी झाड जागचे हलत नाही. दोन्हींची पाने माशांना रुचत नाहीत. मात्र हे आडवे खोड वाळूत पुरू नये. पुरल्यास ते कुजते. पुष्कळांची अनुबियास या एकाच चुकीने मरते. वाळूत लावावयाची असेल तर रिबिनीसारख्या लांब पानांची व्हॅलिस्नेरिया घ्यावी. ती जड पाण्यात वाढते, धावत्या खोडाने पसरते आणि एकदा मुळे धरली की सहजासहजी उपटत नाही. तिच्या पानांचा बुंधा वाळूच्या वर राहील एवढी काळजी घ्यावी. शाळेच्या प्रयोगात उलट्या नसराळ्याखाली बुडबुडे सोडणारी हायड्रिला स्वस्त व सुलभ खरी, परंतु पाने खाणाऱ्या माशांपुढे ती फार दिवस टिकत नाही.

मांडणीचा क्रमही महत्त्वाचा आहे. तीन फूट लांब, एक फूट रुंद व दीड फूट उंच पेटीत सुमारे सव्वाशे लिटर पाणी मावते. दोन लहान जोड्यांना ते पुरे. मोठे दगड प्रथम तळाच्या काचेवर पक्के बसवावेत आणि मग वाळू घालावी. दगड वाळूवर ठेवले तर मासा खालची वाळू उकरतो, दगड कलंडतो आणि काच फुटण्याचा प्रसंग येतो. मुळे असलेली रोपे लहान मातीच्या कुंड्यांत लावून वर गोट्यांचा थर द्यावा. रोपांना मुळे धरावयास चार ते सहा आठवडे द्यावेत. त्यानंतर मासे सोडावेत आणि तेही लहान असताना. पुढच्या बाजूस हातभर जागा मोकळ्या वाळूची ठेवावी, तेथे एक सपाट दगड व नारळाची पालथी करवंटी ठेवावी. आपली जागा मिळाली की बहुतेक जोड्या उरलेल्या बागेकडे फारसे लक्ष देत नाहीत. खाणाऱ्या माशांना उकडलेले वाटाणे किंवा वाफवलेला पालक अधूनमधून दिल्यास पानांवरील धाड कमी होते.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणी करील. मासे कल्ल्यांवाटे पाण्यात अमोनिया सोडतात. तो साठला तर विषासमान ठरतो. वाळूतील सूक्ष्म जंतू त्याचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात आणि वनस्पती ही दोन्ही द्रव्ये शोषून आपले अंग वाढवितात. जिवंत झाड पाणी शुद्ध राखण्यास हातभार लावते. प्लास्टिकचे पान ते करीत नाही. परंतु झाडांचा प्राणवायू दिवसाचा असतो, हे विसरू नये. रात्री झाडेही प्राणवायू वापरतात. दाट झाडीच्या पेटीत उन्हाळ्यातील पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकताना दिसले तर रात्री हवेचा पंप चालू ठेवणे अवश्य आहे. दिव्याचा प्रकाश आठ-नऊ तास पुरे. अधिक दिला तर शेवाळच फोफावते. ग्वाल्हेर-इंदूरकडील थंडीत पाणी चोवीस अंशांखाली जाऊ लागले की तापकाची सोय करावी. कारण हे मासे उष्ण मुलखातले आहेत.

शेवटी एका जबाबदारीचा उल्लेख केला पाहिजे. वाढलेली झाडे किंवा नकोसे झालेले मासे ओढ्यात अगर तळ्यात सोडू नयेत. याच सिक्लिड कुळातील तिलापिया मासा 1952 मध्ये भारतात आणला गेला आणि अनेक जलाशयांत त्याने मूळच्या माशांची जागा बळकावली. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या जलपर्णीने झाकलेली तळी तर सर्वांनीच पाहिली आहेत. काचेच्या पेटीतील जीव आपल्या इच्छेने तेथे आलेले नसतात. त्यांचे पाणी, प्रकाश आणि अन्न हे सर्वस्वी पाळणाऱ्याच्या हाती असते. म्हणून पुढच्या खेपेस वाळूत खड्डा पडलेला दिसला तर रोप घाईने पुन्हा त्याच जागी खोवू नये. थोडा वेळ पेटीपुढे शांत बसून पाहावे. त्या खड्ड्यावर कदाचित एखादी जोडी पहारा करीत असेल. तिला ती वीतभर वाळू दिली, तर बाकीची बाग बहुधा सुखरूप राहील.