वावडे आणि हिस्टामिन

सुंगटांचे हुमण जेवल्यावर एखाद्याच्या सर्वांगावर गांधी उठतात. घरातील वडील माणसे 'पित्त उठले' असे म्हणून आमसुलाचे पाणी लावावयास सांगतात. यकृतात तयार होणाऱ्या पित्ताचा या प्रकाराशी काडीचाही संबंध नाही. मराठीतील 'वावडे' हा जुना शब्द त्या मानाने अधिक समर्पक होय.

आपली त्वचा व नाकाचे अस्तर यांत मास्ट पेशी असतात. हिस्टामिन नावाचे द्रव्य त्यांत कणरूपाने साठविलेले असते. पराग, घरातील धूळ किंवा कोळंबीतील प्रथिन यांसारख्या निरुपद्रवी वस्तूस शरीराने एकदा शत्रू ठरविले, की तिच्याविरुद्ध निर्माण झालेली प्रतिद्रव्ये या पेशींवर जाऊन बसतात. ती वस्तू पुन्हा शरीरात येताच पेशी आपले भांडार रिते करतात. हिस्टामिन मग सूक्ष्म रक्तवाहिन्यांवरील व मज्जातंतूंवरील ठराविक जागी जाऊन चिकटते. रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव पाझरून कातडी फुगते, खाज सुटते, शिंकांवर शिंका येतात.

हिस्टामिनविरोधी औषध या द्रव्याचा नाश करते, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः ते त्याची बसावयाची जागा तेवढी अडविते. जे हिस्टामिन आधीच जागेवर बसून आपले काम करून चुकले, त्यापुढे गोळीचा इलाज फारसा चालत नाही. म्हणून परागांचा त्रास होणाऱ्यांना ती आगाऊ घेतल्यास अधिक गुण येतो. असे पहिले द्रव्य डॅनिएल बोव्हे यांनी १९३७ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत शोधिले. ते माणसांना देण्याजोगे नव्हते, परंतु पुढील सर्व औषधांची वाट त्यानेच दाखविली. १९५७ साली बोव्हे यांस नोबेल पारितोषिक मिळाले.

क्लोरफेनिरामिनसारखी जुनी औषधे मेंदूतही शिरतात. तेथे हिस्टामिनचे काम आपणांस जागे ठेवण्याचे! त्याची जागा अडली की झापड येते. परीक्षार्थींनी व वाहन चालविणारांनी हे अवश्य ध्यानी ठेवावे. सेटिरिझिनने झोप त्या मानाने कमी येते, फेक्सोफेनाडिनने त्याहूनही कमी.

परागांमुळे वाहणारे नाक, डोळ्यांची खाज, अंगावरील गांधी, कीटकदंशाची खाज यांवर ही औषधे उपयोगी पडतात. साधे पडसे विषाणूंमुळे होते, तेथे त्यांचा लाभ थोडा. दम्यात श्वासनलिका आवळणारी अन्य द्रव्येही असतात, म्हणून दम्यावर हा उपचार नव्हे. आणि काजू खाल्ल्यावर किंवा गांधीलमाशी चावल्यावर घसा सुजू लागला, श्वास कोंडला अथवा भोवळ आली, तर गोळीच्या भरवशावर क्षणभरही थांबू नये. अशा वेळी रक्तदाब वेगाने उतरतो, तो सावरण्याचे सामर्थ्य या गोळीत नाही. तेथे अॅड्रेनॅलिनचे इंजेक्शनच हवे, आणि तेही तत्काळ.