घराच्या बदल्यात घर

परदेशी सहलीचा हिशेब मांडताना विमानाचं तिकीट एकवेळ जमतं, बेत बारगळतो तो राहण्याच्या खर्चावर. चार माणसांच्या कुटुंबाला लंडन-पॅरिसमध्ये आठवडाभर हॉटेल परवडत नाही. यावर युरोप-अमेरिकेतल्या शिक्षकांनी 1953 मध्ये तोड काढली. सुट्ट्या लांबलचक, पगार बेताचा. मग तुम्ही आमच्या घरी राहा, आम्ही तुमच्या घरी राहतो, भाडं कुणीच कुणाला द्यायचं नाही. इंटरव्हॅक आणि होमलिंक या दोन्ही संस्थांचं मूळ त्याच वर्षातलं. तेव्हा घरांच्या छापील याद्या टपालाने फिरत. 1992 मध्ये सुरू झालेल्या होमएक्स्चेंजनंतर सगळा व्यवहार हळूहळू इंटरनेटवर आला.

खान्देशात हा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला : ‘आपला धुयाले कोन येई?’ मला तो मुळातच पटत नाही. अजिंठा जळगावपासून साठेक किलोमीटरवर आहे. ती लेणी पाहायला जगभरातून माणसं येतात आणि एका दिवसात घाईघाईने उरकून परततात. जळगावात घर मिळालेलं कुटुंब सकाळी लवकर निघून निवांत लेणी पाहील आणि संध्याकाळी परतेल. (सोमवारी लेणी बंद असतात, हे मात्र आधीच कळवावं.) दुसऱ्या दिवशी जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ, मग चाळीसगावजवळची पाटणादेवी. धुळ्यात राहणाऱ्याला लळिंगचा किल्ला आहे, आणि इतिहासाची आवड असेल तर राजवाडे संशोधन मंडळ.

अडचण ऋतूची आहे. आपल्याला मुलांच्या सुट्टीत, मे महिन्यात निघायचं असतं आणि तेव्हा इथला पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो. अशा उन्हात पाहुण्याला बोलावणं बरं नाही. पण दोघांनी एकाच वेळी घर सोडलं पाहिजे असा नियम नाही. काही संस्थांत गुणांची पद्धत आहे : तुमच्याकडे कुणी राहिलं की तुमच्या खात्यात गुण जमतात आणि ते तुम्ही पुढे तिसऱ्याच देशातल्या घरासाठी वापरू शकता. म्हणजे पाहुणे डिसेंबरात येतील. तेव्हा शेतांत भरताची वांगी काड्यांवर भाजली जात असतात आणि शेजारच्या काकू पाहुण्यांना कळण्याच्या भाकरीसह भरीत खाऊ घातल्याशिवाय सोडणार नाहीत. तोवर आपण आठवडाभर नाशिकला भावाकडे राहायचं.

कागदपत्रं चोख हवीत. परदेशी पाहुणा घरी उतरला की 24 तासांत त्याची नोंद सरकारच्या ऑनलाइन यंत्रणेत करावी लागते. सी फॉर्म म्हणतात तीच ही नोंद, आणि ती खासगी घरालाही लागू आहे. सोसायटीला लेखी कळवावं. आपल्या व्हिसाच्या अर्जात राहण्याची सोय दाखवावी लागते, तेव्हा समोरच्या यजमानाचं पत्र आधीच मागवून ठेवावं.

खरी घालमेल होते ती स्वयंपाकघराशी आणि देवघराशी. ‘आमच्या भांड्यांत ते काय शिजवतील?’ ही शंका रास्त आहे, तिला जुनाट म्हणून उडवून लावू नये. घर शाकाहारी असेल तर तसं पहिल्याच पत्रात स्पष्ट लिहावं. त्या अटीवर येणारी कुटुंबंही असतात. देवघर आणि दागिन्यांचं कपाट एका खोलीत ठेवून तिला कुलूप लावलं तर कुणी वाईट वाटून घेत नाही, हा या व्यवहारातला सर्वमान्य रिवाज आहे.

याहून जास्त वेळ द्यावा तो घराच्या माहितीच्या कागदाला. ज्या भागात नळाला एक-दोन दिवसांआड पाणी येतं, तिथे मोटर कधी चालू करायची, टाकी भरली हे कसं ओळखायचं, पिण्याचं पाणी कुठल्या भांड्यात, सिलिंडर संपला तर कुणाला हाक मारायची, हे सगळं क्रमाने लिहावं. प्रत्येक बटणाखाली चिठ्ठी चिकटवावी. नळाला पाणी नसणं ही कल्पनाच ज्याला नाही, त्याला ‘टाकी बघून वापरा’ एवढ्याने काही उमगत नाही.

अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या साने गुरुजींनी आंतरभारतीचं स्वप्न पाहिलं : प्रांताप्रांतांतल्या माणसांनी एकमेकांची भाषा, चालीरीती जवळून जाणाव्यात. त्यामुळे पहिली अदलाबदल केरळ किंवा बंगालमधल्या एखाद्या कुटुंबाशी करावी, असं मी आग्रहाने सांगेन. व्हिसा नको, परदेशी पाहुण्याची नोंद नको. आणि आपल्या माहितीच्या कागदात काय लिहायचं राहिलं, ते पाहुण्यांच्या पहिल्याच फोनवर कळतं.