आईचे मासे आणि माझं शेवाळ

रविवारी सकाळी लोक गरम जिलबी आणायला बाहेर पडतात, नाहीतर मटणाच्या रांगेत उभे राहतात. मी मोरीत पाट टाकून बसतो आणि प्लास्टिकच्या जाळीवर वाढलेलं हिरवंगार शेवाळ एका जुन्या क्रेडिट कार्डानं खरवडून काढतो. मग ते मुठीत घट्ट पिळायचं आणि तराजूवर ठेवायचं. हा तराजू स्वयंपाकघरातून एकदा मोरीत आला तो काही परत गेला नाही. त्याबद्दल सौभाग्यवतींकडून अजूनही अधूनमधून ऐकून घ्यावं लागतं. एवढ्यात आतल्या खोलीतून आईची हाक येतेच, "किती इला रे?"

माझा भाचा तीन वर्षांपूर्वी परदेशी गेला आणि जाताना त्याच्या खाऱ्या पाण्याची माशांची टाकी आमच्या गळ्यात मारून गेला. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. पाणी सुमारे १७० लिटर. आमच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये एवढी मोकळी भिंत एकच होती, ती आईच्या पलंगासमोरची. आई मूळची वेंगुर्ल्याची. वय ८४. खुब्याच्या ऑपरेशननंतर तिचं फिरणं पलंग ते खुर्ची एवढंच उरलेलं. टाकी लागली, दिवा लागला आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली क्लाऊनफिशची जोडी पाण्यात नाचू लागली, तेव्हा बऱ्याच महिन्यांनी आई उशी पाठीशी लावून ताठ बसली. या माशांत सगळे जन्मतः नर असतात आणि जो वरचढ ठरतो त्याची पुढे मादी होते, हे मी तिला सांगितलं तेव्हा तर ती मनापासून हसली. "म्हणजे मोठी ती बायल! बराच आसा!"

(हौस करणाऱ्यांसाठी एक सूचना इथंच करून ठेवतो. प्रवाळ समुद्रातून काढून घरी ठेवणं आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. आमच्या टाकीत आहेत ते निर्जीव दगड. क्लाऊनफिशची पैदास मात्र टाकीत करता येते. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्याचं तंत्र बसवलेलं आहे. तेव्हा समुद्रातून पकडलेले नव्हेत, तर पैदास केलेलेच मासे मागून घ्यावेत.)

सहा महिने बरे गेले. मग काचेवर हिरवट साय धरू लागली. दगडांवर केसासारखं शेवाळ लोंबू लागलं. आज पुसावं, परवा पुन्हा हजर. आईची नजर आधीच अधू. एक दिवस ती म्हणाली, "मासे खंय गेले? माका दिसणत नाय." मासे तिथंच होते, काच दिसेनाशी झाली होती.

आता यातलं गणित सांगतो. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी. दगडांवरचे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. नायट्रेट तितकंसं विषारी नाही, पण ते साचत जातं आणि त्याच्या जोडीला फॉस्फेटही. ही दोन्ही म्हणजे शेवाळाचं खत. माझ्या टाकीतलं नायट्रेट लिटरला ८० मिलिग्रॅमवर पोचलं होतं. उपाय म्हणजे पाणी बदलणं. वेंगुर्ल्यात असतो तर गोष्ट वेगळी. पुण्यात विकतचं मीठ शुद्ध पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम या हिशेबानं कालवायचं, म्हणजे दर आठवड्याला बादल्या आणि पैसे दोन्ही उपसायचे.

पण एवढं खत येत होतं कुठून? मी तर सकाळी एकदाच चिमूटभर खाणं घालत होतो. आईला सांभाळायला येणाऱ्या बाईंना विचारलं, तर त्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. दुपारी एकदा, चार वाजता एकदा, आणि कधीकधी भिजवलेल्या सोड्याचा बारीक तुकडा. आजींचा हुकूम! मी जरा चिडूनच आईकडे गेलो. ती म्हणाली, "माका काय काम आसा दुसरा?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. जिनं आयुष्यभर पंगती वाढल्या तिच्या हातात आता वाढण्यासारखी ही एकच पंगत उरली होती. खाणं कमी करा, हा प्रत्येक पुस्तकातला पहिला सल्ला मी तिथंच बाजूला ठेवला.

आणि पुढचं वाक्यही तिचंच. मी काच घासत बसलो होतो, ती बघत होती. "त्यां काय जावचां नाय. तेका बसाक खंय तरी जागा दी."

गंमत म्हणजे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतल्या वॉल्टर एडी या शास्त्रज्ञानं नेमकं हेच केलं होतं. प्रवाळाच्या खडकांवरचं आखूड, दाट शेवाळ पाण्यातलं खत किती झपाट्यानं शोषून घेतं हे त्यांनी पाहिलं होतं. टाकीतलं पाणी त्यांनी एका जाळीवरून खेळवलं, जाळीवर प्रखर दिवा सोडला आणि वाढलेलं शेवाळ वेळोवेळी खरवडून काढलं. खत शेवाळात, शेवाळ टाकीबाहेर. १९८२ साली त्यांना या युक्तीचं पेटंट मिळालं. पुढं शेतांतून वाहून येणारं पाणी स्वच्छ करण्यासाठीही हीच पद्धत वापरली गेली. इंग्रजीत या यंत्राला 'अल्गी स्क्रबर' म्हणतात. आमच्या घरी त्याचं नाव 'घासणी'.

मी तीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये काढली. अशी गोष्ट विकत आणणं म्हणजे हातांचा अपमान. तुळशीबागेतून लोकरीच्या भरतकामाची प्लास्टिकची जाळी आणली. पीव्हीसी पाइपला खालच्या बाजूनं तीन मिलिमीटर रुंद चीर पाडली, तिच्यात जाळी उभी अडकवली आणि ती टाकीच्या वर टांगली. पंपानं पाणी पाइपात चढतं, चिरेतून जाळीच्या दोन्ही अंगांनी पडद्यासारखं उतरतं आणि पन्हळीतून टाकीत परत येतं. दोन्ही बाजूंना दिवे. बस्स, एवढंच यंत्र.

पहिली घासणी सपशेल फसली. जाळी मी होती तशी गुळगुळीतच लावली होती. शेवाळ धरलं आणि मूठभर झालं की आपल्याच वजनानं सुटून पंपात. जाळी धरायला चिमटे वापरले ते साध्या लोखंडाचे. खाऱ्या पाण्यात महिन्याभरात त्यांचा भुगा. टूलरूमवाल्या माणसानं हे करावं याची लाज अजून वाटते. कळस झाला तो एका रात्री. शेवाळ वाढत वाढत पाइपच्या चिरेत शिरलं, चीर तुंबली आणि पाण्याची पिचकारी थेट भिंतीवर. सकाळी जमिनीवर तळं आणि भिंतीवर मिठाचा नकाशा. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले ते चहाला नव्हे. सुदैवानं विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच बसवलेला होता, म्हणून बोर्ड गेला पण माणसं राहिली. खारं पाणी आणि वीज शेजारी ठेवणाऱ्यानं हा स्विच सर्वांत आधी घ्यावा, मासे नंतर.

दुसऱ्या वेळी घाई केली नाही. हॅकसॉच्या पात्यानं जाळी दोन्ही बाजूंनी इतकी खरखरीत केली की तळहाताला निवडुंगासारखी टोचावी. चिमट्यांच्या जागी प्लास्टिकच्या पट्ट्या. चिरेवर प्रकाश पडू नये म्हणून पाइपला काळी पट्टी गुंडाळली. उजेड नाही तर शेवाळ नाही. पाणी जाळीच्या रुंदीच्या दर सेंटिमीटरला तासाला ५० लिटर. माझी जाळी २० सेंटिमीटर, म्हणजे तासाला हजार लिटरचा पंप. पिवळसर एलईडी दिवे १८ तास, आणि रात्री ते चालूच, कारण टाकीचे दिवे तेव्हा बंद असतात.

सर्वांत मोठी चूक मात्र मापाची होती. पहिली जाळी मी टाकीत पाणी किती यावरून कापली होती. ती कापायची असते रोज खाणं किती पडतं यावर. मी आईच्या तिन्ही वेळांचा हिशेब धरला, वर सोडे धरले आणि जाळीची उंची जवळजवळ दुप्पट केली.

पहिले तीन आठवडे नुसता तपकिरी चिखल. सौ. रोज विचारी, "हे स्वच्छ करायचं यंत्र ना?" मग एक दिवस तपकिरीच्या आतून हिरवं डोकावलं. शेवाळ जाळीवर दाटत गेलं तसतसं ते टाकीत विरळ होत गेलं. दगडांवरचं फिकं पडून गळालं. चार महिन्यांनी नायट्रेट ८० वरून १० वर आलं. काच मी अजूनही पुसतो, पण आठवड्यातून एकदा.

खरवडताना जाळी गोड्या पाण्यात धुवायची, म्हणजे शेवाळ खाणारे बारीक किडे मरतात. सगळी जाळी कधीच कोरी करायची नाही, बुडखे राहू द्यायचे. निघालेलं शेवाळ दोन-तीनदा धुऊन मी कढीपत्त्याच्या कुंडीत घालतो. मीठ राहिलं तर झाड रुसतं, हाही स्वानुभव.

गेल्या रविवारी काटा ९० ग्रॅमवर गेला. आजवरचा उच्चांक. हात पुसत आईच्या खोलीत गेलो. टाकीतली मोठी मादी काचेला नाक लावून उभी होती आणि आई तिच्याकडे बघत होती. आकडा सांगितला. आई क्षणभर थांबली, मग उशाजवळच्या डबीकडे हात नेत म्हणाली, "मगे आज जरासा जास्त घालूक हरकत नाय."