ताणलेला प्रकाश, लांबलेली वाट

मी भौतिकशास्त्राचा रीतसर विद्यार्थी नाही. म्हणूनच की काय, शोधनिबंध हाती आला की आधी शेवटची संदर्भसूची पाहतो. कोण कोणाचे ऋण मानते, ते तिथे कळते. डोना स्ट्रिकलँड यांच्या पीएच.डी. प्रबंधात मारिया गेपर्ट-मायर यांचा संदर्भ आहे. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या दुसऱ्या स्त्रीचा, पुढे तिसरी ठरणाऱ्या स्त्रीने दिलेला!

स्ट्रिकलँड यांचा जन्म १९५९चा, कॅनडातील ग्वेल्फचा. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात जेरार मुरू यांच्या मार्गदर्शनाखाली त्या काम करीत होत्या. अडचण अशी, की लेसरचा अतिसूक्ष्म स्पंद वाढवत नेला तर त्याची तीव्रता वर्धकाची काचच फोडते. अरुंद पुलावर जमाव एकदम घुसला तर पूल कोसळतो. ओळीने गेला तर सारे पार होतात आणि पलीकडे पुन्हा एकत्र येतात. या दोघांनी प्रकाशाला तसेच नेले. सुमारे १.४ किलोमीटर लांबीच्या प्रकाशतंतूत लाल घटक पुढे, निळे मागे राहून स्पंद ताणला गेला. मग तो वाढवला आणि शेवटी जाळीपट्ट्यांच्या जोडीने पुन्हा आवळला. १९८५मध्ये प्रसिद्ध झालेला हा स्ट्रिकलँड यांचा पहिलाच शोधनिबंध. डोळ्याच्या पारपटलावर छेद घेणारे फेम्टोसेकंद लेसर याच तंत्रावर चालतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील अतितीव्र लेसरही त्याच कुळातले.

२०१८मध्ये नोबेल जाहीर झाले, तेव्हा वॉटर्लू विद्यापीठात त्या सहयोगी प्राध्यापकच होत्या. जगाने हळहळ व्यक्त केली. त्यांचे उत्तर साधे होते : बढतीसाठी अर्जच केला नव्हता.

मला इथे थांबावेसे वाटते. अणू एकाच वेळी दोन फोटॉन शोषू शकतो, हे गेपर्ट-मायर यांनी १९३०च्या प्रबंधात मांडले. लेसर आल्यावर १९६१मध्ये ते प्रयोगाने दिसले. मधली कित्येक वर्षे त्या बिनपगारी राबल्या. पूर्णवेळ, सवेतन प्राध्यापकपद मिळाले १९६०मध्ये, नोबेल १९६३मध्ये. एकीला पद नाकारले गेले, दुसरीने ते मागितले नाही. या दोन गोष्टी एकाच हळहळीत घालणे दोघींवरही अन्याय आहे. पण त्या दोन नोबेलांमध्ये ५५ वर्षे गेली. ती मात्र कुणाच्या राहून गेलेल्या अर्जामुळे गेली नाहीत.