छंदाला हवा हक्काचा वेळ

स्वातंत्र्यानंतर नव्याने वसवण्यात आलेल्या चंडीगड शहरात नेकचंद सैनी हे रस्ते निरीक्षक म्हणून नोकरीला होते. दिवसा रस्त्यांच्या कामावर देखरेख करायची आणि कामाची वेळ संपली की सायकल घेऊन शहरालगतच्या झाडीत जायचे, हा त्यांचा नेम होता. नव्या शहरासाठी पाडलेल्या गावांतील दगडविटा, फुटक्या बांगड्या, कपबश्यांचे तुकडे असा टाकाऊ माल ते तेथे साठवत आणि त्यातून माणसांच्या व पशुपक्ष्यांच्या आकृती घडवत. १९५७ मध्ये सुरू झालेले हे काम जवळजवळ १८ वर्षे लोकांच्या नजरेआड राहिले. जागा सरकारी होती आणि तेथे बांधकामास मनाई होती. त्यामुळे १९७५ मध्ये हा प्रकार उघडकीस आला तेव्हा सारे काही पाडून टाकले जाण्याची शक्यता निर्माण झाली. मात्र लोकमत नेकचंद यांच्या बाजूने उभे राहिले आणि १९७६ मध्ये ‘रॉक गार्डन’ सर्वांसाठी खुले झाले. पुढे १९८४ मध्ये नेकचंद यांना पद्मश्री किताब मिळाला. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

हा मानसन्मान नंतरचा. त्याआधीच्या १८ वर्षांत या कामाला ना मोबदला होता, ना प्रेक्षक. उलट नोकरी गमावण्याची भीतीच होती. असे असताना दिवसभर राबलेला माणूस संध्याकाळी पुन्हा श्रमाच्याच कामाकडे का वळतो? दैनंदिन जीवनातील आनंद नेमका कशात असतो, हे या प्रश्नाच्या उत्तरातून बऱ्याच अंशी उलगडते.

मन रमते तेव्हा काय घडते?

आनंद म्हणजे विश्रांती, अशी सर्वसाधारण समजूत असते. हंगेरियन वंशाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी या समजुतीला छेद दिला. बुद्धिबळपटू, गिर्यारोहक, संगीतकार, शल्यविशारद अशा अनेकांचा त्यांनी अभ्यास केला. काम करताना ही माणसे इतकी तल्लीन होतात की काळाचे आणि स्वतःचेही भान त्यांना उरत नाही, असे त्यांना आढळले. या अवस्थेला त्यांनी ‘फ्लो’, म्हणजे प्रवाह, असे नाव दिले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या याच नावाच्या पुस्तकाने ही कल्पना जगभर पोहोचवली.

ही तल्लीनता साधण्यासाठी काही गोष्टी आवश्यक असतात. काय करायचे आहे, हे स्पष्ट असावे लागते. केलेले बरोबर की चूक, हे लगेच कळावे लागते. काम फार सोपे असेल तर कंटाळा येतो आणि फार अवघड असेल तर मन खचते. म्हणून ते आपल्या कुवतीच्या किंचित पुढचे असावे लागते. पेटीवर नवा राग बसवणे, कुंडीत गुलाबाचे कलम जगवणे किंवा स्वेटरची नवी वीण जमवणे या साध्या गोष्टींत हे सारे आपोआप जुळून येते. टीव्हीसमोर नुसते बसून राहण्यात मात्र ते सहसा जुळत नाही. म्हणूनच सुटीचा दिवस लोळून काढल्यावरही मरगळ जात नाही, आणि तासभर बागकाम केल्यावर अंग थकले तरी मन ताजेतवाने होते.

साधी वस्तू, मोठा ध्यास

छंद म्हटले की खर्चिक साधनसामग्री डोळ्यांसमोर येते. पुण्यातील राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालय याच्या अगदी उलट गोष्ट सांगते. ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवण्यास प्रारंभ केला. राजेमहाराजांच्या ऐश्वर्यापेक्षा सामान्य घरांतील रोजच्या वस्तूंनी त्यांना भुरळ घातली. दिवे, अडकित्ते, वज्र्या, फण्या, दौती, कुलपे, खेळणी, स्वयंपाकघरातील भांडी असा २० हजारांहून अधिक वस्तूंचा संग्रह त्यांनी उभा केला. बालवयातच निधन पावलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी या संग्रहालयाला दिले आणि १९७५ मध्ये हा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. ज्या वस्तू लोक अडगळ म्हणून मोडीत काढत होते, त्यांतील कारागिरी केळकरांना दिसली. दररोज वापरातल्या वस्तूकडे नव्या नजरेने पाहणे, हीच छंदाची पहिली पायरी होय.

बक्षिसाची दुसरी बाजू

उत्साह वाढावा म्हणून बक्षीस द्यावे, हा विचार सर्वत्र रूढ आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत झालेल्या आणि १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने त्याची दुसरी बाजू समोर आणली. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या संशोधकांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेली मुले निवडली. काही मुलांना ‘चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधीच सांगण्यात आले. काहींना ते अनपेक्षितपणे देण्यात आले, तर काहींना काहीच देण्यात आले नाही. एक-दोन आठवड्यांनी पाहणी केली असता, बक्षिसाच्या अपेक्षेने चित्रे काढणारी मुले इतरांच्या तुलनेत जवळपास निम्माच वेळ चित्रकलेत रमत असल्याचे दिसले. खेळ होता, त्याचे काम झाले होते.

आजच्या काळात हा निष्कर्ष अधिकच महत्त्वाचा ठरतो. मूल गाऊ लागले की त्याला स्पर्धेत उतरवण्याची घाई होते. मोठ्यांनी काढलेले छायाचित्र किंवा केलेला पदार्थ लगेच मोबाइलवरून जगापुढे मांडला जातो आणि त्याला किती पसंती मिळाली, यावर आनंदाचे माप ठरते. कौतुक वाईट नाही. परंतु कौतुकासाठीच काम होऊ लागले, तर कौतुक थांबताच कामही थांबते.

वेळ कोणाच्या वाट्याला?

छंदाच्या चर्चेत एक प्रश्न बहुधा मागे राहतो, तो म्हणजे वेळेचा. केंद्र सरकारने २०१९ मध्ये केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ मिनिटे असे होते. म्हणजे दोघांचाही वेळ थोडा घटला, पण दोघांमधील सुमारे २०० मिनिटांचे अंतर जवळजवळ तसेच राहिले.

‘आवड असली की सवड मिळते’ असे म्हणणे सोपे असते. प्रत्यक्षात अनेक घरांत एकाची सवड दुसऱ्याच्या श्रमांवर उभी असते. लग्नापूर्वी गाणे शिकलेल्या गृहिणीचा तानपुरा वर्षानुवर्षे गवसणीतच राहतो, तो आवड संपली म्हणून नव्हे. संध्याकाळच्या स्वयंपाकाची जबाबदारी घरातील इतरांनी आठवड्यातून दोन दिवस जरी उचलली, तरी त्या तानपुऱ्याच्या तारा पुन्हा जुळू शकतात. घरातील प्रत्येकाच्या आवडीला ठरलेला वेळ देणे, हा कुटुंबातील न्यायाचा भाग आहे.

सोबतीचे बळ

छंद एकट्याने जोपासता येतो, पण सोबतीने तो टिकतो. पुण्यात १९४४ मध्ये स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था हौशी आकाशनिरीक्षकांना आजही एकत्र आणते. केरळमध्ये २०१५ ते २०२० या काळात हजाराहून अधिक स्वयंसेवकांनी राज्यभर पक्ष्यांच्या नोंदी केल्या आणि त्यांतून केरळचा पक्षी-नकाशासंग्रह साकारला. हौसेने केलेल्या निरीक्षणांचा शास्त्रालाही उपयोग होतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

सुरुवात कशी करावी?

सुरुवात लहान असावी. रोज वीस मिनिटे, शक्यतो ठरलेल्या वेळी, हाताशी असलेल्या साधनांनिशी. पहिले काही महिने काम कोणालाही न दाखवले तर उत्तम, कारण सदोष काम करण्याची मोकळीक नवशिक्याला हवी असते. निवृत्तीनंतर पाहू, असे म्हणून आवड पुढे ढकलू नये. बोटांना, कानांना आणि डोळ्यांना लागणारे वळण वर्षानुवर्षांच्या सवयीतूनच येते.

मात्र एक भेद लक्षात घ्यायला हवा. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतही दोन आठवड्यांहून अधिक काळ रस वाटेनासा झाला, झोप व भूक बिघडली, तर तो आळस नसून नैराश्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी छंदाचा आग्रह न धरता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही मदत मिळते.

ज्याचे मन ठिकाणावर आहे, पण दिवस मात्र कामातच सरतो, त्याने सवड मिळण्याची वाट पाहू नये. सवड कधीच आपणहून चालत येत नाही. ती मागावी लागते, घरच्यांनी एकमेकांना द्यावी लागते आणि मिळाल्यावर जपावी लागते.